दुपारी हातात काय असतं

ज्या लेखामुळे मला नोकरी मिळाली तो चुकीचा होता, हे मला धाकट्या बहिणीच्या घरी चहा पिताना कळलं.

तिचं घर सुरतेत, पर्वत पाटियाच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मी नवी प्रश्नावली घेऊन गेले होते. कुठलीही प्रश्नावली बाहेर नेण्याआधी घरच्या माणसावर वापरून बघायची ही माझी जुनी सवय. घरचा माणूस तोंडावर सांगतो की हा काय वेड्यासारखा प्रश्न आहे. बहीण खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती, मी समोर चटईवर, चहाचा कप घेऊन. वय, शिक्षण, मूळ गाव, घरात माणसं किती, हे भराभर झालं. मग मी विचारलं, "तुम्ही काम करता का?"

"तुम्ही काय गं?" ती हसली.

"प्रश्न असाच लिहिलाय. सांग ना."

"नाही. लिही, घरीच असते."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. पान उलटणार तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. ती म्हणाली, "थांब ताई, माल न्यायला टेम्पो आला. ही एकच साडी राहिलीय, उरकते आणि मग बोलू."

तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं. ती सगळा वेळ साडीचे दोरे कापत होती. मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूने सुटे दोरे लोंबतात, ते छोट्या कात्रीने एकेक कापायला लागतात. तिच्या मांडीवर निळी साडी होती, डाव्या बाजूला उरकलेल्या साड्यांची थप्पी, आणि दाराजवळ बांधून ठेवलेलं गाठोडं. सुरतेत त्याला सगळे पोटलं म्हणतात. वय सांगताना ती कापत होती, शिक्षण सांगताना कापत होती, आणि 'घरीच असते' म्हणतानाही तिची कात्री थांबली नव्हती.

"हे काय आहे मग?" मी विचारलं.

"हे?" तिने साडी झटकली. "हा टाइमपास आहे."

ती पोटलं घेऊन खाली गेली. मी तिथेच बसले, पण बसवेना. उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन बायका बसल्या होत्या, मधे साड्यांचा ढीग. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी होती. तिच्याही मांडीवर साडी होती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

माझे वडील खानदेशातून सुरतेत आले ते मागावर काम करायला. मागांच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. कतारगामच्या एका खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. आम्ही दोघी बहिणी सुरतेतच जन्मलो. घरात अहिराणी, शाळा महानगरपालिकेची मराठी, आणि गल्लीत गुजराती आणि हिंदी. मी अभ्यासात बरी निघाले. कॉलेजात एका बाईंनी सांगितलं की हे शहर एके काळी जगभरच्या जहाजांचं बंदर होतं, आणि माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं ते आजतागायत बांधलं गेलेलं नाही. अर्थशास्त्र घेतलं, पण मन इतिहासाकडे ओढायचं. इतिहासवाले म्हणायचे, तू आकडे फार करतेस. अर्थशास्त्रवाले म्हणायचे, तू गोष्टी फार सांगतेस. पुण्याला जाऊन जुन्या सुरतेच्या व्यापाऱ्यांवर प्रबंध लिहिला. मग दोन-तीन शहरांत हंगामी नोकऱ्या केल्या. एका जागी दोन वर्षं झाली की मला खोलीच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. लग्न केलं नाही. ठरवून नाही केलं असंही नाही, कुठे थांबलेच नाही एवढंच.

व्यापाऱ्यांच्या कागदांत मला आमच्या गल्लीतलं माणूस कधी सापडलं नाही. म्हणून मी विषय बदलला आणि सुरतेतल्या खानदेशी कुटुंबांचा इतिहास लिहायला घेतला. चार विद्यार्थिनींना हाताशी धरून घरोघर फिरले. त्यातून एक लेख झाला. त्याचं सार असं होतं: गावाकडे शेतात राबणाऱ्या बायका शहरात आल्यावर कामातून बाहेर पडल्या. नवऱ्याला मागावर नियमित काम मिळालं आणि बायका घरी बसल्या. लेख गाजला. बायकांच्या श्रमाविषयी बोलणारे लोक त्याचा दाखला देऊ लागले. आणि एक वाक्य तर मला इतक्या वेळा ऐकू आलं की पुढे पुढे मीच ते मनात म्हणायचे: आतल्या माणसाने लिहिलंय.

त्या लेखावर मला सुरतेतल्या एका संशोधन संस्थेत कायमची जागा मिळाली. मी परत आले. नदीच्या पलीकडे भाड्याने फ्लॅट घेतला.

बहीण वर आली तेव्हा मी चपला घालून उभी होते.

"प्रश्न संपले?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कुठे चाललीस?"

मी दाराबाहेर पडले. जिना उतरताना माझ्या अंगावर लहानपण कोसळत होतं. आमच्या घरात भाताच्या घासात टिकली लागायची. आई साड्यांना टिकल्या लावायची, जरीची पट्टी हातशिलाईने जोडायची. शाळेत माझ्या गालावर, वहीत, केसांत टिकल्या चमकायच्या आणि मुली मला 'दुल्हन' म्हणून चिडवायच्या. मी साड्यांच्या पोटल्याला टेकून पाढे पाठ केले, त्यावरच डोकं ठेवून झोपले. धाकटीने बारावीनंतर शिक्षण सोडलं, कारण आईची नजर अधू व्हायला लागली होती आणि माल उरकायला कुणीतरी हवं होतं. ते 'कुणीतरी' मी नव्हते. मी पुण्याला होते. आणि दर वर्षी फॉर्म भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी वळणदार अक्षरात 'गृहिणी' लिहीत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत जाऊन मी जुन्या सर्वेक्षणाचे कागद काढले. खोक्यांत भरून कपाटावर ठेवले होते. जमिनीवर बसून एकेक बघायला लागले. 'काम करता का' समोर 'नाही', 'नाही', 'नाही'. बहुतेक ठिकाणी उत्तर देणारा पुरुष. दुपारच्या जेवणाच्या सुमाराला एक कागद असा निघाला की त्याच्या समासात एका विद्यार्थिनीने पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: 'ताई, इथे साड्यांचा ढीग होता. विचारायचं का?' आणि खाली लाल शाईत माझं अक्षर: 'प्रश्नावलीबाहेर जाऊ नये.'

त्या मुलीने पाहिलं होतं. तिने मला विचारलंही होतं.

विभागप्रमुखांकडे गेले. भले गृहस्थ. मला सुरतेत आणण्यासाठी त्यांनीच खटपट केली होती. शिवाय आता त्याच लेखाच्या पायावर एक मोठा प्रकल्प उभा राहत होता आणि त्याची प्रमुख म्हणून माझं नाव त्यांनी पुढे केलं होतं. मी त्यांच्यासमोर तो कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही चूक नाही," ते म्हणाले. "हा व्याख्येचा फरक आहे. पुढच्या लेखात एक तळटीप टाका."

"सर, तळटीप कसली? लेखात बायका घरी बसल्या असं म्हटलंय. त्या बसलेल्या नाहीत."

"बसूनच करतात ना?" ते हसले. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाले. "हे बघा, प्रकल्प मंजूर होईपर्यंत थांबा. दोन महिने. नंतर काय लिहायचं ते लिहा. मी अडवणार नाही."

मी 'बरं' म्हटलं. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी हो म्हणून बाहेर आले आणि पंधरा दिवस थांबले. त्या पंधरा दिवसांत मी धड एक पान वाचलं नाही. वर्गात फळ्यावर काहीतरी लिहायचे आणि मुली विचारायच्या, मॅडम, पुढे? घरी टेबल या भिंतीला लावलं, मग त्या भिंतीला. सकाळी कामाला निघायचे आणि बसमधून मधेच उतरून चालत सुटायचे. रस्त्यांवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, वाट रोज बदललेली. कुठेही गेले तरी मला गॅलऱ्या दिसायच्या आणि गॅलऱ्यांत मांडीवर साडी घेतलेल्या बायका. त्या आधीही तिथेच असणार. मी वर बघत नव्हते.

सोळाव्या दिवशी बहिणीकडे गेले आणि म्हटलं, "माझ्याबरोबर चल. मला पुन्हा सगळ्यांना विचारायचंय."

"काय विचारणार?"

"काम करता का."

तिने कपाळावर हात मारला. "ताई, तू एवढी शिकलीस. असं विचारलं तर कोण हो म्हणेल? काम म्हणजे बाहेर जाणं. हो म्हटलं म्हणजे नवऱ्याची कमाई पुरत नाही असं झालं. आणि दारात सासरा बसलेला असतो."

"मग कसं विचारू?"

तिने थोडा विचार केला. "विचार, दुपारी हातात काय असतं?"

तो प्रश्न घेऊन आम्ही फिरलो. संस्थेला सांगितलं नाही. मी रजा टाकली होती आणि बहिणीने आपलं पोटलं शेजारणीकडे दिलं होतं. पहिल्या घरी मीच विचारलं. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि जे बोलायला लागली ते थांबेचना. कोणती लेस बोटाला कापते, कोणत्या गोंदाने डोकं चढतं, पावसाळ्यात माल ओला झाला तर काय करायचं, मुलीला सुट्टीत कधीपासून बसवायचं. बायका हसत हसत एकमेकींना हाक मारून बोलवायच्या, "ये गं, इथे दुपारचं विचारतायत." मी लिहीत सुटले. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बहीणच विचारू लागली, कारण माझ्या तोंडी तो पाठ केल्यासारखा येत होता.

सगळ्यांना त्या प्रश्नाची गरज होती असंही नाही. उधन्याच्या बाजूला एका घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. नवरा रेल्वेत होता. बाई पोटलं उघडून बसल्या होत्या. बहिणीने सुरुवात केली तशी त्यांनी मधेच तोडलं.

"आडून काय विचारता? मी काम करते. सकाळी डबा झाला की बसते ते दिवे लागेपर्यंत. लिहा. नाव लिहायचं असेल तर तेही लिहा."

"याआधी कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"आले होते ना काही जण. कॉलेजच्या मुली होत्या. यांना विचारून गेल्या. यांनी सांगितलं, नाही करत. मी आतून ओरडले, करते म्हणून. मुलगी म्हणाली, काकी, एकदा लिहून झालंय."

ते सर्वेक्षण माझंच होतं की दुसऱ्या कुणाचं, मी विचारलं नाही. त्यांनी चहा टाकला. मी कप हातात घेऊन त्या खोलीभर फिरत राहिले, शेवटी त्याच म्हणाल्या, "बसा हो जरा, तुम्हाला काय गाडी पकडायचीय?"

सगळ्या घरांत गेले, पण एका घराकडे पाय वळत नव्हते. आईवडील बहिणीपासून दोन गल्ल्यांवर राहतात. एका दुपारी वडील बागेत गेलेत हे पाहून मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आईसमोर बसले. तिला बहिणीचाच प्रश्न विचारला.

आई माझ्या प्रश्नाला फसली नाही. "मी कधी काम करेल नही," ती म्हणाली. "मी तं घरमाच ऱ्हास."

"माय, त्या साड्या? टिकल्या?"

"त्या तं बठता-उठता."

"मी तुझ्या पोटल्यावर झोपलेय गं."

"झोपेल शेस ना? मंग बस. लिखानी काय गरज शे?" तिने हात पुढे करून माझा मोबाइल उलटा ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुना बापनी मान खाले जाई."

मला ते माहीत होतं. दर वर्षी कानबाईच्या सणाला सगळे नातेवाईक जमतात, आणि जेवणं झाली की वडील सांगतात: सुरतेत येऊन एवढी वर्षं झाली, पण मी बायकोला कधी काम करायला लावलं नाही. त्यांना दुसरं काही मिरवायला नव्हतं. मागाने त्यांचे कान घेतले, कंबर घेतली. एवढं एक वाक्य त्यांच्याकडे उरलं होतं. आईने माझ्याकडून वचन घेतलं की मी त्यांना काही विचारणार नाही.

मी वचन दिलं आणि आठवड्याच्या आत मोडलं.

वडिलांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पण खात्यात मागांच्या आवाजात माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात, आणि वडील त्यात पटाईत. लहानपणी आम्ही बहिणी त्यांच्याशी नुसते ओठ हलवून बोलायचो, आम्हाला तो खेळ वाटायचा. त्या दिवशी रविवार होता. आई आत स्वयंपाकघरात, बहीण भाजी निवडत दाराशी, वडील खाटेवर. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि आवाज न करता ओठ हलवले: आप्पा, आई साड्यांचं काम करायची ना?

मी आवाज केला नव्हता. पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही हे मी विसरले. ते खाटेवर ताठ बसले आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असे ओरडले, "नही! मी कधी तिले कामले धाडेल नही! मनी बायको कधी काम करेल नही!"

बाहेर कुणीतरी रेडिओ बारीक केला. बहिणीच्या हातातली भाजी तशीच राहिली. माझी खात्री होती की आता आई येणार आणि माझ्यावर तुटून पडणार. आई आली. ओल्या हातांनी आली, पण माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ती वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तोंड नीट दिसेल अशी, आणि म्हणाली, "मंग मना डोया कसाले गयात?"

आठवड्यापूर्वी तिनेच मला नाही म्हणून सांगितलं होतं. तेच 'नाही' दुसऱ्याच्या तोंडून, एवढ्या मोठ्याने, सगळ्या गल्लीसमोर ऐकल्यावर तिच्यात काय झालं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. डोळे कशाने गेले, हा प्रश्न तिने दोनदा विचारला. दुसऱ्या वेळी तर फक्त ओठांनी. वडिलांनी तो वाचला. त्यांनी खाली पाहिलं, आपल्या तळहातांकडे. मग उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले.

मी मागे धावणार होते. आईने मनगट धरलं. "जाऊ दे."

ते तासाभराने परत आले. जेवले. आईशी त्या दिवशी बोलले नाहीत, माझ्याशी महिनाभर नाही. माफी, मन मोकळं करणं, असलं आमच्या घरात काही होत नाही. फक्त पुढच्या कानबाईला जेवणं झाल्यावर ते आपलं वाक्य बोलले नाहीत. एका चुलतभावाने आठवण करून दिली तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. मी त्यांचं एकुलतं वाक्य काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

नवा लेख मी दोन महिने संपायच्या आत लिहिला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की माझा आधीचा निष्कर्ष खोटा आहे आणि तो कसा खोटा ठरला. विभागप्रमुखांना मसुदा दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण तुम्ही थांबायला हवं होतं." त्यांनी खरोखर अडवलं नाही. प्रकल्प दुसऱ्या कुणाकडे गेला. मला मागच्या बाजूची खोली मिळाली, जिथे उन्हाळ्यात दुपारनंतर बसणं कठीण. मला तसंही बसायचं नसतं.

लेखावर बहिणीचं नाव घालायचं मी ठरवलं होतं. तिला सांगायला गेले तेव्हा वाटलं, तिला आनंद होईल. ती कात्री बाजूला न ठेवता म्हणाली, "घाल. घालायलाच पाहिजे. पण ताई, एक सांगू? तू चुकलीस तर त्याचा लेख झाला. आता सुधारलंस तर त्याचाही लेख झाला. मी साडीत चुकले तर आख्खा माल परत येतो."

त्या दिवशी आमचं भांडण झालं. ती म्हणाली की माझ्यासाठी सगळंच कागद असतं. मी म्हणाले की तुझ्यासाठी तरी काय असतं, साडीच ना. फार वाईट बोलले. दोन आठवडे तिने फोन उचलला नाही. नियतकालिकाकडून पत्र आलं की दुसऱ्या लेखिकेची संस्था कळवावी, तेव्हा मला तिला विचारणं भागच होतं. तिने मेसेजला एका शब्दात उत्तर दिलं: पर्वत पाटिया. मी तेच कळवलं. त्यांनी दोनदा उलट विचारलं, मग छापलं. छापलेला अंक घेऊन गेले तेव्हा तिने आपलं नाव बोटाने चाचपून पाहिलं, मग अंक उलटा करून मागचं पानही पाहिलं. "मुलांना दाखवीन," ती म्हणाली. मुलं गुजराती माध्यमात शिकतात आणि लेख इंग्रजीत होता. पण नाव त्यांनी वाचलं.

लेखात आई नाही. तिने त्या रविवारनंतर एकदा मला जवळ बसवून म्हटलं होतं, "लिख. पन मनं नाव नको टाकू." मी नावच काय, तिचा उल्लेखही केला नाही. हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा पुन्हा विचारायला गेले. म्हटलं, "माय, यात तू आहेस, आप्पा आहेत. लिहू का?"

तिने कुठल्या भाषेत लिहिणार ते विचारलं. मी सांगितलं. ती खुदकन हसली.

"लिख मंग. आठला, सुरतना पोरेसले मराठी वाचता कोठे येस?"

हल्ली मी सकाळी बहिणीच्या गल्लीबाहेरच्या बसथांब्यावर जाते. गल्लीतल्या तरुण मुली आता मांडीवर साडी घ्यायला तयार नाहीत. त्या ठेकेदाराच्या बसने इच्छापोरच्या बाजूच्या कारखान्यांत जातात, गळ्यात ओळखपत्र घालून. त्यांना काम करता का विचारलं तर त्या ओळखपत्र पुढे करतात. त्यांच्या आयांचं आणि त्यांचं यावरून रोज वाजतं, असं बहीण सांगते. तिच्या स्वतःच्या घरीही वाजायला लागलंय. मला यातलं अजून काहीच कळलेलं नाही. कुठला प्रश्न विचारायचा तेही ठरलेलं नाही. बहिणीला म्हटलं, तू चल, तर म्हणाली, आधी तू जाऊन उभी राहा, मग बघू.

म्हणून मी थांब्यावर जाऊन उभी राहते. वही पिशवीतच असते. मुली हिंदीत, गुजरातीत बोलतात, मधेच एखादीला आईचा फोन येतो आणि ती तोंड फिरवून हळू आवाजात अहिराणीत उत्तर देते. गेल्या सोमवारी एकीने कानातला इअरफोन काढून मला विचारलं, "मासी, आप रोज यहाँ किसकी राह देखते हो?"

मी म्हटलं, तुमच्या बसची. तिने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. मी बसले. बस यायला अजून वेळ होता, आणि मी दोनदा उठून रस्त्याकडे बघून आले.